सोललेल्या घेवड्याची थंडी

टेक्ससमधल्या आमच्या फ्रिस्को गावातली थंडी दार वाजवून येत नाही, दार लोटून थेट स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. मंगळवारी सकाळी नातीला शाळेच्या बसवर सोडायला गेले तेव्हा माझ्या अंगात सुती कुडता होता आणि शेजारचा माणूस अर्ध्या चड्डीत गवत कापत होता. दुपारी उत्तरेकडे आभाळाच्या कडेला निळसर काळी पट्टी दिसली. वारा फिरला. कोणाच्या तरी अंगणातली सणाच्या सजावटीची, हवा भरलेली टर्की कोंबडी दोर तोडून आमच्या कुंपणावरून पलीकडे गेली आणि तासाभरात पारा निम्म्यावर आला. इथले लोक या वाऱ्याला नॉर्दर म्हणतात. त्यांना तो येण्याचा इशारा फोनवर मिळतो. मला माझ्या डाव्या गुडघ्यात मिळतो, आणि फोनच्या आधी मिळतो.

पहिला नॉर्दर आला की मी कपाटातून सुक्या घेवड्याची पिशवी काढते. लहान, गुलाबीसर दाणा, राजम्याच्या धाकट्या बहिणीसारखा. पोर्तो रिको नावाच्या बेटावर याचं दाट कालवण करतात, लाल भोपळा, बटाटा आणि ऑलिव्ह घालून, गरम भातावर घ्यायला. आमच्या घरी ते वर्षातून एकदाच होतं, पहिल्या थंडीला. घेवडा भिजवायचा, उपसायचा, ओल्या फडक्यात घट्ट बांधायचा, मोड येऊ द्यायचे आणि मग एकेक दाणा सोलायचा. हे वाचून कोणाची भुवई वर गेली असेल तर ती तशीच धरून ठेवा. थोड्या वेळाने उपयोगी पडेल.

या देशात थंडीत मोड आणायचे म्हणजे ओव्हनला शरण जावं लागतं. ओव्हन पेटवायचा नाही, नुसता आतला दिवा लावून ठेवायचा. तेवढ्या उबेवर दही लागतं, इडलीचं पीठ वर येतं, मटकीला शेपट्या फुटतात. माझ्या मुलीने, मुक्ताने, एकदा आत न बघता पिझ्झासाठी ओव्हन तापवला. आत माझे मूग होते. त्या दिवशी आम्ही पिझ्झा खाल्ला आणि जळक्या फडक्याचा वास. तेव्हापासून ओव्हनच्या दारावर माझी चिठ्ठी असते: ‘आत जीव आहे. पेटवू नये.’ माझ्या नातीने, सईने, खाली त्याचं इंग्रजी करून ठेवलंय. ते वाचून तिची एक मैत्रीण जेवायला थांबली होती ती न जेवताच घरी गेली.

तर परवा शनिवारी सकाळी सई आणि मी टेबलाशी सोलायला बसलो होतो. बाहेर वारा कुंपणाच्या फळ्या वाजवत होता. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, हलकेच दाबायचा, की तो साल सोडून टुणकन बाहेर येतो. सई अकरा वर्षांची आहे. पहिले वीस दाणे तिला मजा वाटली.

“आजी, व्हाय आर वी डुइंग धिस?”

“बेटावर असंच करतात.”

हे मी गेली अडतीस वर्षं सांगत आलेय. नवऱ्याला सांगितलं, मुक्ताला सांगितलं, जावयाला सांगितलं, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या बायकांना सांगितलं. कोणी हूं की चूं केलं नाही. सईने मात्र हात पुसले, आयपॅड ओढला आणि दहा मिनिटं काही बोलली नाही. पोर गप्प बसलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

“आजी. आय चेक्ड. नोबडी डज धिस.”

“कोणी नाही म्हणजे?”

“लाइक, लिटरली नोबडी. इलेव्हन रेसिपीज. यात तिथली एक खरीखुरी आजी पण आहे. शी जस्ट बॉइल्स देम. नो स्प्राउटिंग, नो पीलिंग, नथिंग.”

सोफ्यावर आमचे हे बातम्या वाचत पडले होते. मान न वळवता म्हणाले, “मी पहिल्यापासून म्हणत होतो.”

ते पहिल्यापासून काहीही म्हणत नव्हते. अडतीस वर्षं मुकाट्याने सोलत होते.

सई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आनंद होता. मोठं माणूस थाप मारताना सापडलं की मुलांना होतो तसला आनंद. मग मी सांगायला लागले. सगळं एका दमात सांगितलं असं नाही. मध्ये तिने चिप्स आणले, मध्ये मी चहा टाकला, आणि हात दोघींचेही चालू होते.

त्या वेळची ती शैला, म्हणजे मीच, तुम्ही बघायला हवी होती. वय पंचवीस, सहावा महिना, पाचवारी साडीवर नवऱ्याचा ओव्हरकोट, मोज्यांवर चपला आणि डोक्यात हवा. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली, पहिल्या वर्गात. ती विचारल्याशिवाय सांगायची, आणि विचारलं तर दोनदा सांगायची. प्लेनो या इथून जवळच्याच गावात लाल विटांच्या इमारतींच्या एका रांगेत आमचं दोन खोल्यांचं घर होतं, वरच्या मजल्यावर. हे सोमवारी विमानाने कामाच्या गावी जायचे ते शुक्रवारी यायचे. शैलाबाईंना गाडी येत नव्हती आणि गाडीशिवाय तिथे टपालपेटीपलीकडे जाण्यासारखं काही नव्हतं. म्हणून त्या टपालपेटीपर्यंत दिवसातून तीनदा जात, आणि आईला लांबलचक पत्रं लिहीत. ‘इथली माणसं चांगली आहेत पण अडाणी आहेत. कडधान्याला मोड आणत नाहीत.’ ‘इथलं सगळंच मोठं आहे. आमच्या मागच्या ओकच्या झाडावरच्या खारीसुद्धा बोक्यांएवढ्या आहेत, त्यांना उड्या मारवत नाहीत, चालतच जातात.’ अशी शास्त्रीय निरीक्षणं आठवड्याला दोन.

त्या पत्रांत जे नव्हतं ते असं की सोमवार ते शुक्रवार तिच्याशी कोणी बोलत नसे. भिंतीतल्या जाळीतून गरम वारा यायचा त्याचा आवाज, फ्रीजचा आवाज, आणि आपण भांडं ठेवलं की भांड्याचा. एकदा दुपारी ती मोठ्याने पाढे म्हणत होती. एकोणतीसचा पाढा. कशाला, तर आपला आवाज अजून आहे का ते बघायला.

आणि एका दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, भिंतीपलीकडून आवाज आला. ठक, ठक, मध्ये जरा घासल्यासारखं, पुन्हा ठक. खलबत्ता! कोणीतरी लसूण ठेचत होतं. अमेरिकेत, टेक्ससमध्ये, माझ्या ओट्याच्या मागच्या भिंतीला लागून. मी सिंकवर दोन्ही हात टेकून रडले. सईला हे सांगताना मी ‘ती रडली’ म्हणाले. पण एवढ्यापुरतं ‘मी’च म्हणते. रडणारीला काय हसायचं?

खलबत्त्याची मालकीण इर्मा. पोर्तो रिकोची, तेव्हा चौपन्न वर्षांची विधवा, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. दिवसभर उभी राहून तीनला घरी यायची आणि पुन्हा स्वतःसाठी उभी राहायची. पहिल्यांदा जिन्यात भेटली तेव्हा न विचारता तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “मार्चमध्ये?” डॉक्टरने पण मार्चच सांगितला होता. ती मला ‘नेना’ म्हणायची, म्हणजे पोरी. तिचं इंग्रजी स्पॅनिशच्या वळणाचं, माझं मराठीच्या. भाषा दोघींपैकी कोणाचीच नसल्यामुळे भांडण होण्याची शक्यता फार कमी होती.

तिचे गुडघे दुखायचे. मी तिला मेथीचे लाडू करून दिले. आमच्या रोह्याच्या पद्धतीचे, कडू जहर. डबा दोन दिवसांनी धुऊन परत आला. “देलिसिओसो, नेना,” इर्मा म्हणाली, म्हणजे एकदम चविष्ट. मी आणखी केले. पुन्हा डबा रिकामा, पुन्हा देलिसिओसो. त्या थंडीत मी तिला पाच डबे लाडू घातले. आईला लिहिलं, आईने आळीभर वाचून दाखवलं: आमच्या शैलाच्या मेथीच्या लाडवांनी अमेरिका जिंकली.

आणि मग तो मंगळवार आला. जानेवारीतला नॉर्दर, खिडक्यांच्या फटींतून शिट्ट्या. इर्मा दारात उभी राहिली, जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं टॉवेलात गुंडाळून. “बाळासाठी,” म्हणाली. तिला परत कामावर जायचं नव्हतं, पण ती आत आली नाही, मी बोलावलंही नाही. मी दार लावून झाकण काढलं. वाफ वर आली. लसूण, मिरची, तमालपत्र, आमच्या कोथिंबिरीच्या जवळपासचा पण तिच्याहून रांगडा असा एक वास, आणि तळाशी मुरलेला गुलाबी घेवडा, भोपळा, बटाटा, हिरवी ऑलिव्ह. आणि चौकोनी कापलेले मांसाचे तुकडे.

डुकराचं.

आता शहाण्या माणसापुढे चार वाटा होत्या. दार वाजवून सांगता आलं असतं की आम्ही मांस खात नाही. पातेलं तसंच परत देता आलं असतं. कचरापेटीत टाकता आलं असतं, पण कचरापेटी खाली आवारात होती, इर्माच्या खिडकीसमोर, आणि वारा असा की ओव्हरकोटासकट उडून जावं. पदवीधर शैलाबाईंनी चौथी वाट धरली. अमेरिकन सिंकच्या भोकात खरकटं दळायची चक्की असते. बटण दाबलं की घरघर करून सगळं गिळते. त्यांनी नळ सोडला, बटण दाबलं आणि पळीपळीने इर्माचं कालवण त्या चक्कीला भरवायला सुरुवात केली. नाकाला पदर लावून. वास सहन होत नव्हता म्हणून नाही. तोंडाला पाणी सुटत होतं म्हणून. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

अर्ध्याहून जास्त पातेलं गेलं आणि चक्कीने घास अडकल्यासारखा आवाज केला. सिंकमधलं पाणी वर चढलं, थांबलं, मग गुडगुडत एकदम खाली गेलं. मला हायसं वाटलं. उरलेलंही लोटलं, पातेलं घासलं, विसळलं, पुसलं.

भिंतीपलीकडे खलबत्ता थांबला.

मग आरोळी आली. देवाचं नाव घेतलेलं तेवढं कळलं.

वनस्पतिशास्त्रात नळकाम शिकवत नाहीत. त्या इमारतीत पाठीला पाठ लावून असलेल्या दोन सिंकांचं पाणी भिंतीतल्या एकाच नळीत जायचं. पुढे कुठेतरी ती नळी तुंबली होती. माझ्या सिंकमधून जे गेलं ते खाली गेलंच नाही, पलीकडे जाऊन वर आलं. इर्माचा घेवडा इर्माच्या घरी पोचला.

ती दारात आली तेव्हा तिच्या हातावर एकच ऑलिव्ह होतं. अख्खं, हिरवं. घेवड्याचा लगदा झाला की तो कोणाचा ते सांगता येत नाही, पण ऑलिव्हला काय म्हणणार? आमच्या घरात त्या वेळी ऑलिव्ह म्हणजे काय हेही माहीत नव्हतं.

“माय हजबंड,” मी म्हणाले.

इर्मा म्हणाली, “तुझा नवरा काल गेला, नेना.”

“पाइप,” मी म्हणाले. “प्रॉब्लेम.”

“हो,” ती म्हणाली. “पाइप.” तिने माझ्या हातातलं घासलेलं पातेलं घेतलं, आत एकदा बघितलं, आणि गेली.

इथे सोफ्यावरून आवाज आला. “एक मिनिट. माझं नाव सांगितलंस तू?”

“अडतीस वर्षांपूर्वी. आता काय त्याचं?”

“ती बाई मला अडतीस वर्षं काय समजत असेल?”

“आजोबा, शश!” सई म्हणाली. “देन व्हॉट हॅपन्ड?”

नंतर काहीच झालं नाही, आणि तेच फार झालं. नळवाला आला, नळी मोकळी झाली. पण बुधवारी साडेतीनला भिंतीपलीकडे शांतता होती. इर्मा घरी होती. पावलं ऐकू येत होती, नळ ऐकू येत होता. लसूण मात्र ठेचला जात नव्हता. गुरुवारीही नाही. मी ओट्याशी कान लावून उभी राहायचे. एवढ्या मोठ्या देशात माझ्या ओळखीचा एकच आवाज होता, आणि तो मी चक्कीत घालून दळला होता.

गुरुवारी संध्याकाळी टपालपेटीपाशी इर्मा समोर आली. हातातल्या पिशवीतून सुक्या घेवड्याचं एक मोठं पाकीट काढून तिने माझ्या हातात दाबलं. “तुला मी केलेलं आवडत नाही. ठीक आहे. तू कर. रविवारी. माझ्या घरी. मी बघते.” आणि जिना चढून गेली. भिजवून आण, एवढंच तिला म्हणायचं होतं.

पण माझ्या डोक्यात आमचं रोह्याचं घर उभं राहिलं. आमच्याकडे कोणी कोणाची माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. आई आणि काकू एका चुलीवर वीस वर्षं नांदल्या आणि एक दिवसाआड भांडल्या. पण भांडणाच्या दुसऱ्या दिवशी जिची चूक असेल ती कोणी न सांगता मोड आलेले वाल घेऊन पडवीत बसायची. सगळ्या घरापुरत्या डाळिंब्या एकटीने सोलायची. त्याच्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. तास न तास, पाठ मोडते, बोटांची टोकं पांढरीफटक होतात. आम्ही मुलं शाळेतून यायचो आणि आई सोलताना दिसली की कळायचं, काल काकूचं बरोबर होतं. संध्याकाळी काकू गरम उसळ पहिली आईच्या पानात वाढायची. झालं. खटला निकाली.

तेव्हा शैलाबाईंनी इर्माचा घेवडा भिजवला, फडक्यात बांधला, ओव्हनमध्ये दिव्याखाली ठेवला. घेवडा वालासारखा शहाणा नसतो, मोड यायला वेळ लावतो. दर दोन तासांनी उठून बघत होते, उबवणीच्या कोंबडीसारखी. शनिवारी सोलायला बसले. हे घरी होते.

“हे काय चाललंय?”

“बेटावर असंच करतात.”

बिचारे बाही सारून शेजारी बसले आणि सोलू लागले. थाप अशी जन्माला आली. पुढे तिला मुलं-नातवंडं झाली.

रविवारी सकाळी ओल्या फडक्याखाली झाकलेलं भांडं घेऊन मी इर्माच्या दारात उभी राहिले. तिने फडकं उचललं. भांड्यात पांढरे, उघडे, छोट्या शेपटीचे शेकडो दाणे. तिने त्यांतून एक बोट फिरवलं.

“यांना काय झालं?”

“सोलले.”

“सगळे?”

“सगळे.”

“का?”

आता सॉरी म्हणायचं होतं. इंग्रजीत तो शब्द किती स्वस्त आहे! दुकानात गाडीला गाडी लागली तरी लोक म्हणतात. पण माझ्या तोंडातून तो येईना. त्याने डुकराचं नाव निघालं असतं, चक्कीचं निघालं असतं, आणि माझ्या पहिल्या वर्गाचं काय झालं असतं? मी मान वर केली आणि म्हणाले, “इंडियात असंच करतात.”

म्हणजे एकाच घेवड्याबद्दल दोन घरांत दोन उलट थापा. नवऱ्याला सांगितलं बेटावरची पद्धत, बेटावरच्या बाईला सांगितलं आमची. मध्ये एक भिंत होती म्हणून निभावलं.

इर्माने एक दाणा उचलून उजेडात धरला. मग माझा हात उलटा केला आणि बोटांची टोकं बघितली, भिजून सुरकुतलेली, एका नखापाशी सोललेली. “आय, नेना,” म्हणाली, आपण ‘अगं बाई’ म्हणतो तसं. एवढंच. ओट्यावर मांसाचा तुकडा काढून ठेवलेला होता. तो तिने उचलला, कागदात गुंडाळला आणि फ्रीजमध्ये परत ठेवून दिला. मग लाकडी खल माझ्यापुढे सरकवला आणि लसूण दिला.

मी ठेचायला लागले. पलीकडे आमच्या रिकाम्या ओट्यापाशी तो आवाज कसा ऐकू येत असेल, असं उगाच मनात आलं.

सोललेला घेवडा शिजवायचा अंदाज दोघींनाही नव्हता. ती तिच्या सवयीने दोन तास धरून बसली, पण साल नसलेला तो दाणा अर्ध्या तासात पिठल्यासारखा झाला. तिने भोपळा घालून त्याला सावरलं, वरून ऑलिव्ह टाकली. आम्ही भातावर घेतलं. दुसऱ्या घासाला ती हसायला लागली. “सदरे काढलेस तू त्यांचे!” म्हणाली. “थंडीत! बिचारे!” सोमवारी साडेतीनला भिंतीपलीकडे ठक, ठक सुरू झालं. मी भांडी तशीच टाकून ऐकत उभी राहिले.

मुक्ता झाली तेव्हा दवाखान्यात तिला माझ्यानंतर पहिल्यांदा इर्माने घेतलं. मुक्ता सहा वर्षांची असताना इर्मा बेटावर परत गेली, बहिणीकडे. आता ब्याण्णव वर्षांची आहे. दर वर्षी पहिल्या नॉर्दरला, कालवण चुलीवर चढायच्या आधी, मी तिला फोन करते. तिच्याकडे थंडी नसते, पण आमच्याकडे आलीय हे तिला कळलेलं असतं. हवेच्या बातम्यांत ती अजून टेक्सस बघते.

“वेट,” सई म्हणाली. “सो यू नेव्हर सेड सॉरी?”

“सोलले ना.”

“आजी, धॅट्स नॉट सॉरी. धॅट्स बीन्स.”

मी काहीतरी उत्तर देणार होते. आमच्याकडे असं असतं, माणसं कामातून बोलतात, शब्द वरवरचे असतात, वगैरे. हे सगळं मी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहूनही चुकलेय. पण पोर माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मला आईची आठवण झाली. डाळिंब्या सोलणारी आई काकूला समजायची, कारण काकूही त्याच पडवीत नांदली होती. इर्माला कोण सांगणार होतं? तिने माझी सुरकुतलेली बोटं बघून जे ओळखलं ते तिच्या मोठेपणाने ओळखलं. मी तर सांगितलं होतं, इंडियात असंच करतात.

“शी इज नाइंटी-टू,” सई हलक्या आवाजात म्हणाली.

अंगठ्याने एक दाणा दाबला तर तो उडून यांच्या सोफ्याखाली गेला. तुम्हाला हसू येईल. तीन शस्त्रक्रिया झाल्या माझ्या, टेक्ससच्या महामार्गावर पन्नाशीत गाडी चालवायला शिकले, पण ‘माझं चुकलं’ या दोन शब्दांना मी त्या सकाळी जेवढी घाबरले तेवढी कशाला नाही.

सईनेच व्हिडिओ कॉल लावला. आधी छताचा पंखा दिसला, मग कोंबडा ओरडला, मग इर्माचं कपाळ आलं. ती फोन नेहमी असाच धरते, आपण तिच्या भुवयांशी बोलायचं. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ओरडावं लागतं.

“नेना! थंडी आली!”

“आली! इर्मा, ऐक! तो सिंक!”

“काय?”

“सिंक! प्लेनोचा! तुझा घेवडा! पाइपचा प्रॉब्लेम नव्हता! मी टाकला होता! मी! नवऱ्याने नाही!”

“थँक यू,” हे सोफ्यावरून म्हणाले.

“माझं चुकलं, इर्मा! सॉरी!”

शेजारच्या अंगणापर्यंत गेलं असेल. पडद्यावरच्या भुवया हलल्या नाहीत. मला वाटलं फोन अडकला. सईलाही वाटलं, तिने बोट पुढे केलं. तेवढ्यात ते कपाळ हलायला लागलं, वरखाली, आणि खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती.

“नेना, मला माहीत आहे. ऑलिव्ह!” मग फोन जरा खाली आला आणि तिचे डोळे दिसले. “मलाही सांगायचंय. ते तुझे गोळे. तपकिरी. कडू.”

“मेथीचे लाडू?”

“खारींना,” इर्मा म्हणाली. “सगळे. त्यांना फार आवडायचे.”

सई हसत खुर्चीवरून खाली बसली ती उठेचना. आणि मला, इतक्या वर्षांनी, त्या ओकवरच्या खारी दिसल्या. बोक्यांएवढ्या, उड्या न मारता चालत जाणाऱ्या. वनस्पतिशास्त्राची पदवी, पहिला वर्ग, आणि समोर खारी फुगतायत तरी बाईंना कळू नये? आई, तुझ्या आळीला सांगायला आता कोणी नाही, हेच बरं.

हसून हसून दमल्यावर इर्माने फोन कशाला तरी टेकवला, पहिल्यांदाच तिचा पूर्ण चेहरा आला. तिच्यापुढे टेबलावर एक भांडं होतं. तिने ते पुढे ओढलं. मी चष्मा वर सरकवला. भांड्यात पांढरे, उघडे, छोट्या शेपटीचे दाणे.

“मंगळवारी बातम्यांत टेक्ससची थंडी बघितली,” ती म्हणाली. “भिजवले. दर वर्षी भिजवते. बहीण होती तेव्हा म्हणायची, इर्मा, तू वेडी आहेस, घेवडा कोणी सोलतं का? आता भाचीही म्हणते. मी त्यांना सांगते, तुम्हाला काय कळतं? इंडियात असंच करतात.” तिने दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले, पंजे पसरून. ब्याण्णव वर्षांच्या हातावर आधीच इतक्या सुरकुत्या, पण बोटांच्या टोकांवरच्या वेगळ्या होत्या, पांढऱ्या, पाण्याच्या. “असंच ना, नेना?”

मी माझे हात वर केले आणि तिला दाखवले.

सईने आयपॅडवर उघडलेल्या अकरा पाककृतींकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आयपॅड पालथा घातला आणि माझ्या खांद्यावरून वाकून फोनमध्ये ओरडली, “येस! एव्हरीबडी डज!”

आणि खुर्ची पुढे ओढून तिने पुढचा दाणा उचलला.